थंड भाडं, गरम भाडं

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहे. जुन्या तीन मजली घरात सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दरमहा भाडे देतो, त्यातच हीटिंगचेही पैसे जातात असे तो सांगतो. तरीही गेल्या महिन्यात घरमालकाने आदल्या वर्षीच्या हीटिंगचे आणखी ४१२ युरो मागणारा चार पानी कागद पाठवला. उन्हाळ्यात याचा हीटर बंदच असतो. डिसेंबरात तीन आठवडे तर तो इकडे घरी होता. मग हे पैसे कसले? थंडीत घर गरम ठेवायचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा? आणि बोलून-चालून काही कमी करून घेता येतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे जीव थोडा भांड्यात पडेल. आकड्यावर घासाघीस होत नाही, हिशेबावर होते. आणि हिशेबावर हरकत घ्यायला तो कागद हातात पडल्यापासून मुलाकडे बारा महिने आहेत. तेव्हा रात्री जागून फोनाफोनी करायचं कारण नाही.

आता तो कागद. जर्मनीत घराच्या जाहिरातीत भाडी दोन छापतात. एक ‘काल्टमीटे’, म्हणजे शब्दशः थंड भाडं, आणि दुसरं ‘वार्ममीटे’, गरम भाडं. थंड भाडं नुसत्या चार भिंतींचं. त्यावर पाणी, कचरा, इमारतीचा विमा, जिन्यातला दिवा आणि हीटिंग एवढं चढलं की ते गरम होतं. (जिन्याच्या सफाईचे पैसे स्टुटगार्टकडे पुष्कळ घरांत लागत नाहीत, कारण तिथे बिऱ्हाडं पाळीपाळीने जिना झाडतात. आपली पाळी आहे हे सांगणारी पाटी दारावर लटकते. ती चुकवली तर शेजारीण जे बोलते त्यापुढे ४१२ युरो परवडले.) मेख अशी की गरम भाड्यातला हीटिंगचा भाग हे भाडं नसतंच. तो ॲडव्हान्स असतो, आपण लग्नात केटररला देतो तसा. पंगती उठल्यावर ताटं मोजतात आणि मग खरा हिशेब होतो. ताटं कमी भरली तर पैसे परत येतात, जास्त भरली तर ‘नाखत्सालुंग’ येतं, म्हणजे मागाहून भरायची रक्कम. तिकडे गेलेल्या आपल्या पोरांना ‘गुटन मॉर्गन’नंतर हा शब्द फार लवकर पाठ होतो.

तेव्हा मुलगा दरमहा पैसे भरतोय हे खरं, आणि तरी बाकी निघाली हेही खरं. मालकाने लबाडी केली असा त्याचा अर्थ लगेच काढू नका. घर भाड्याने देताना गरम भाड्याचा आकडा आकर्षक दिसावा म्हणून ॲडव्हान्स मुद्दाम कमी धरणारे मालक मात्र असतात. जाहिरातीत हीटिंगचा आकडा संशय यावा इतका लहान दिसला, तर सही करण्याआधी आदल्या वर्षीचा हिशेब मागावा.

पण खर्च मालकाचा की भाडेकरूचा, हा तुमचा मधला प्रश्न खरा खोलातला आहे. आपल्याकडे तो उठतच नाही. लाइट बिल भाडेकरूचं, मेंटेनन्स मालकाचा, अकरा महिन्यांचा करार, संपलं. सांगलीची थंडी गोधडीत निभते. तिकडे तळघरात एक मोठा बॉयलर असतो, त्यातून गरम पाणी नळ्यांमधून सगळ्या घरांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि एकच बिल येतं. त्या बिलाला दोन हात लागलेले असतात. रेडिएटरचा खटका फिरवणारा हात भाडेकरूचा. पण बॉयलर कोणता बसवायचा, खिडकीला एक काच की तीन, भिंतीला बाहेरून गरम कपड्यासारखं अस्तर लावायचं की नाही, हे ठरवणारा हात मालकाचा. सगळं बिल भाडेकरूवर टाकलं तर मालक फुटकी खिडकी कशाला बदलेल? आणि सगळं मालकावर टाकलं तर भाडेकरू खटका कशाला फिरवेल?

दुसऱ्या प्रकाराचा मासला बघायचा तर न्यूयॉर्कच्या जुन्या इमारती बघाव्यात. तिथे वाफेचं हीटिंग, पैसे बहुतेक मालकाचे, आणि कायद्याने १ ऑक्टोबर ते ३१ मे घर गरम ठेवायचं बंधन. दिवसा बाहेरचा पारा ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की घरात किमान ६८ हवंच. त्यातले बरेच बॉयलर १९१८च्या फ्लूच्या साथीनंतरचे. खेळती हवा हवी म्हणून कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघड्या राहणार, असं धरून ते दांडगे बसवलेले. साथ गेली, बॉयलर राहिले. त्यामुळे भर जानेवारीत बाहेर बर्फ आणि खिडकी सताड उघडी ठेवून गंजीफ्रॉकवर बसलेला माणूस, हे दृश्य तिथे कुणाला नवल वाटत नाही. पूर्व जर्मनीतही हेच होतं. सरकारी सिमेंटच्या इमारती, भाडं नाममात्र, हीटिंग त्यातच, आणि पुष्कळ घरांत रेडिएटरला खटकाच नाही. उकडलं की खिडकी उघडायची. गल्ली गरम करणारं समाजवादी राष्ट्र!

पश्चिम जर्मनीला जाग आणली तेलाने. १९७३च्या तेलसंकटात तिथे रविवारी मोटारी चालवायला बंदी आली आणि लोक महामार्गावरून पायी फिरले. १९७९मध्ये तेल पुन्हा भडकलं. त्यानंतर १९८१मध्ये हीटिंगच्या खर्चाबद्दलचा नियम आला. तो म्हणतो : बॉयलर सामायिक असेल तर प्रत्येक घराची उष्णता मोजा. खर्चाचा कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग मोजणीप्रमाणे वाटा, उरलेला घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. आणि ‘हीटिंगसकट एकच ठोक भाडं’ हा करार या नियमापुढे टिकत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६मध्ये सांगितलं. म्हणजे मालक-भाडेकरूंनी आपसांत काहीही ठरवलं तरी मोजणी चुकत नाही. एक पळवाट आहे. घरात दोनच बिऱ्हाडं असतील आणि त्यातलं एक खुद्द मालकाचं असेल, तर ठोक रक्कम ठरवता येते. तुमच्या मुलाचं घर तीन मजली आहे. किती बिऱ्हाडं आहेत ते त्याला विचारा.

मोजायचं कसं, हे मी एकदा अगदी जवळून पाहिलंय. जर्मनीत मी राहायचो त्या खोलीतल्या रेडिएटरवर बोटभर लांबीची एक पातळ काचेची नळी चिकटवलेली होती. आत रंगीत द्रव, बाजूला बारीक रेघांची पट्टी. रेडिएटर तापला की द्रव उडतो आणि पातळी उतरते. बस, हेच मीटर. ना वीज, ना चाक. जानेवारीत एक गृहस्थ बॅटरी घेऊन आले, रेडिएटरपुढे गुडघ्यावर बसले, रेघ वाचून आकडा लिहिला, जुनी नळी काढली आणि नव्या रंगाची बसवली. गेल्या वर्षीची नळी चुकून पुन्हा वाचली जाऊ नये म्हणून रंग दरसाल वेगळा. मी विचारलं, “ऑगस्टमध्येही हे थोडं उडत असेल ना?” ते म्हणाले, “उडतंच. म्हणून शून्याच्या रेघेच्या वर थोडं जास्त भरतो.” मला हे फार आवडलं. उन्हाळ्यात आपोआप जे उडून जाणार तेवढं आधीच जास्त ओतायचं! दूधवाले जे घालतात त्याच्या नेमकं उलट.

या नळीवरची रेघ म्हणजे अंश नव्हे आणि युनिटही नव्हे. ती फक्त प्रमाण सांगते : इमारतीत एकूण इतक्या रेघा उतरल्या, त्यातल्या तुमच्या इतक्या. आता नळ्या जाऊन इलेक्ट्रॉनिक डब्या आल्यात. २०२६ अखेर सगळी मापकं घरात न शिरता, लांबून वाचता येतील अशी असायला हवीत. तत्त्व मात्र तेच. शेजाऱ्याने काटकसर केली आणि तुम्ही नाही, तर तुमच्या रेघेची किंमत वाढते. गणित न कळल्याने यावरून पुष्कळ भांडणं होतात.

आता तुमच्या मुलाची तक्रार. उन्हाळ्यात बंद, डिसेंबरात गावाला, तरी पैसे? क्षेत्रफळावर वाटलेला तो ३० ते ५० टक्क्यांचा भाग त्याला द्यावाच लागतो, घराला वर्षभर कुलूप असलं तरी. समजा इमारतीचा वर्षाचा हीटिंगचा खर्च ६,००० युरो. ७० टक्के, म्हणजे ४,२०० मोजणीवर. ३० टक्के, म्हणजे १,८०० क्षेत्रफळावर. इमारत ३६० चौरस मीटर आणि मुलाचं घर ६० असेल तर सहावा हिस्सा, म्हणजे ३०० युरो, खटक्याला हात न लावताही त्याच्या नावावर. आपल्या हाउसिंग सोसायटीत पाण्याचे पैसे घरातल्या नळांच्या संख्येवर लावतात. दिवाळीला महिनाभर गावाला गेलेल्या सभासदाचा वार्षिक सभेतला आवाज आठवा. स्टुटगार्टला तोच आवाज जर्मन भाषेत असतो.

पण हा अन्याय नाही, असं माझं मत आहे. उष्णता भिंतीचं कुंपण मानत नाही. मधल्या मजल्यावरचा माणूस खटका बंद ठेवून बसला तरी वरून, खालून, बाजूने शेजाऱ्यांची ऊब त्याच्याकडे झिरपते. सर्वांत वरच्या, कोपऱ्यातल्या घराला छत आणि दोन-तीन भिंती थेट थंडीत. तेवढ्याच उबेसाठी त्याच्या रेडिएटरला दुप्पट राबावं लागतं. सगळं बिल मोजणीवर टाकलं तर मधला फुकटात सुटेल आणि वरचा मरेल. क्षेत्रफळाचा भाग हा त्या दोघांमधला तह आहे. तुमचा मुलगा वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा हा तह त्याच्या बाजूचा आहे, हे त्याला जरूर सांगा. शिवाय बॉयलर सामायिक असेल तर नळाचं गरम पाणी बहुधा त्यातूनच येतं, म्हणजे जूनमधल्या अंघोळीही या बिलात आल्या. पंपाची वीज, बॉयलरची वार्षिक तपासणी, मापकं वाचणाऱ्याची फी आणि काळ्या वेशातल्या धुराडेवाल्याची फीही. धुराडेवाला तिकडे शुभशकुन मानतात. आल्यावर पैसे घेऊन जातो, ही गोष्ट वेगळी.

१९८१चा हा नियम भाडेकरूच्या हाताला शिस्त लावायला चांगला, पण मालकाच्या हाताला चाळीस वर्षं काहीच लागलं नाही. खिडकी गळकी असली तरी झळ भाडेकरूलाच. २०२१पासून जर्मनीने इंधनातल्या कार्बनवर टनामागे २५ युरो लावले, २०२५मध्ये ते ५५ झाले, आणि सुरुवातीला तेही सगळे भाडेकरूनेच भरले. अखेर १ जानेवारी २०२३पासून वाटणीचा कायदा आला. मला विचाराल तर या सगळ्या जंजाळातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट. घर दर चौरस मीटरला वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यावर दहा पायऱ्या. १२ किलोच्या आत असेल तर घर चांगलं, कार्बनचा खर्च सगळा भाडेकरूचा. ५२ किलो किंवा जास्त असेल तर घर चाळणी, ९५ टक्के मालकाचे. मधे दर पायरीला दहा-दहा टक्के मालकाकडे सरकतात.

तुमच्या मुलाचं जुनं घर कुठे बसेल? समजा ६० चौरस मीटरच्या घराला वर्षाला ९,००० युनिट गॅस लागला. एका युनिटमागे साधारण २०० ग्रॅम धरले तर १,८०० किलो, म्हणजे चौरस मीटरला ३०. या पायरीवर मालकाचे ४० टक्के. ५५ युरोच्या दराने करासह सुमारे ११८ युरो होतात, त्यातले ४७ मालकाचे. ४१२मधून ४७ गेले म्हणजे फार नाही, मान्य. पण हिशेबाच्या कागदावर ही वाटणी दिसायलाच हवी. ती मालकाने मुळीच दाखवली नसेल, तर भाडेकरूला हीटिंगच्या आपल्या हिश्शातून ३ टक्के कापता येतात.

तेव्हा मुलाने तो चार पानी कागद कसा वाचावा? आधी तारीख. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत कागद हातात पडला नसेल, तर उशिराचा दोष मालकाचा असल्यास बाकी मागायचा हक्कच जातो. उलट भाडेकरूला काही परत मिळायचं असेल तर ते उशिरा कळवलं तरी द्यावंच लागतं. इतका एकतर्फी नियम भाडेकरूच्या बाजूने क्वचित सापडतो. मग घराचं क्षेत्रफळ करारातल्या आकड्याशी ताडून बघावं. मग आपल्या रेडिएटरचे आकडे. मग खर्चाच्या यादीत बॉयलरची दुरुस्ती घुसली आहे का ते. तपासणी आणि देखभाल भाडेकरूच्या वाट्याला येते, दुरुस्ती नाही, आणि मालकांना हा फरक हटकून विसरायला होतो. गॅसची मूळ बिलं बघायला मागायचा त्याला हक्क आहे. मागण्यात उद्धटपणा मानत नाहीत. आणि मोजणी केलीच नसेल, सगळं क्षेत्रफळावरच वाटलं असेल, तर १५ टक्के सरळ कापून घेता येतात.

हे सगळं बिनचूक निघालं तर पैसे भरावेत. एकदम जमत नसेल तर हप्ते मागावेत. माझी घरमालकीण नाखत्सालुंगचा कागद देताना दारात उभी राहून स्वतःच म्हणाली होती, “तीन महिन्यांत द्या, पण लिहून द्या.” बोलण्याने सुटतं ते इतकंच. अजून एक. हिशेब झाल्यावर पुढचा मासिक ॲडव्हान्स योग्य तेवढा वाढवायचा किंवा कमी करायचा अधिकार मालकासारखाच भाडेकरूलाही आहे. बाकी निघाली असेल तर मुलाने आपणहून ॲडव्हान्स तीस-चाळीस युरोंनी वाढवून घ्यावा. पुढल्या वर्षी एकदम फटका नको. घर सोडून गेला तरी हा हिशेब पाठलाग करतो. मालक डिपॉझिटमधला वाजवी भाग पुढच्या हिशेबापुरता अडकवून ठेवू शकतो, म्हणून जाताना नवा पत्ता द्यावा. आणि मालक ऐकतच नसेल तर प्रत्येक मोठ्या शहरात भाडेकरूंची संघटना आहे. वर्षाची वर्गणी भरली की त्यांचा वकील कागद तपासून देतो. लोक हसत नाहीत, उलट जर्मन माणूस पहिला तिथेच जातो.

हे झालं पैशाचं. उबेची हमी मात्र मालकाचीच. साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा हीटिंगचा मोसम धरतात आणि दिवसा राहत्या खोल्यांत २० ते २२ अंश, रात्री १८च्या आसपास मिळायला हवेत, असं न्यायालयं सांगत आली आहेत. बॉयलर बंद पडून चार दिवस घर गारठलं तर भाड्यात कपात. पण लगेच लेखी कळवायला हवं. कुडकुडत बसून महिन्याने सांगितलं तर काही मिळत नाही.

जाता जाता, तुमच्या पत्राच्या मागच्या पानावरचा प्रश्न. मुलगा पुढल्या महिन्यात पुन्हा सुट्टीवर येतोय आणि या वेळी पैसे वाचवायला सगळे खटके पूर्ण बंद करून येणार म्हणतोय. तसं करू देऊ नका. खटक्यावर १ ते ५ आकडे असतात. ते गॅसच्या शेगडीसारखे आच कमी-जास्त करत नाहीत, खोली किती अंशांवर थांबवायची ते सांगतात. ३वर साधारण २० अंश, पुढे-मागे दर आकड्याला चारेक अंश. म्हणून ५वर ठेवला तरी खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त वेळ तापत राहते. आपली बरीच पोरं तिथेच फसतात. १च्याही खाली बर्फाच्या चांदणीची खूण असते, सहाएक अंशांवर थांबणारी. त्यापेक्षा खाली गेलं तर नळ्या गोठून फुटू शकतात आणि त्याचं बिल ४१२ युरोंत मावणार नाही. पण नुसत्या चांदणीवर तीन आठवडे ठेवलं तर जुन्या घराच्या गार भिंतींवर दव धरतं, मग बुरशी, आणि मग मालकाचं दुसरं पत्र. खटका १ आणि २च्या मधे ठेवावा. आतल्या खोल्यांची दारं लावावीत. निघायच्या सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडून वाफ घालवावी, विशेषतः आदल्या रात्री कुकर लावला असेल आणि धुतलेले कपडे घरातच वाळत घातले असतील तर. आणि ३१ डिसेंबरला मापकाचा फोटो काढायला तो तिथे नसणार. म्हणून निघताना प्रत्येक रेडिएटरच्या डबीचा एक फोटो, तारखेसकट, फोनमध्ये काढून ठेवायला सांगा. स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचाही. तो बहुतेकांचा राहून जातो.